एका तोळ्याची गोळी

विस्कॉन्सिनमध्ये ऑनसाईट असताना नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं अर्धं ऑफिस अचानक रिकामं झालं. मला वाटलं थँक्सगिव्हिंगची सुट्टी लोकांनी लवकर सुरू केली. तसं नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून तिथे नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा हंगाम असतो, आणि त्या नऊ दिवसांत प्रॉडक्शनला काहीही रिलीज करायचं नाही हा आमच्या टीमचा अलिखित नियम होता. टीममधला सगळ्यात सीनियर डेव्हलपर (साठीचा, कोबोलपासून जावापर्यंत सगळं पचवलेला) मला एका संध्याकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. त्याला काडतुसं घ्यायची होती, मला हातमोजे.

शेल्फवर एकाच मापाच्या, '.३०-०६' नावाच्या काडतुसांचे खोके ओळीने मांडलेले. सगळे सारखेच दिसणारे, फक्त कोपऱ्यात एक आकडा वेगळा. १५०, १६५, १८०, २२०. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, गोळीचं वजन, ग्रेनमध्ये. आणि त्याने न बघता १८० उचलला.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे गुगलबाबाला शरण गेलो. एक ग्रेन म्हणजे साधारण ६४.८ मिलिग्रॅम. पौंडाचे सात हजार ग्रेन. हे नाव आलं धान्याच्या दाण्यावरून, जशी आपली गुंज आली गुंजेच्या बीवरून. आणि मग असं दिसलं की इंग्रजांनी १८३३ साली हिंदुस्थानातला तोळा प्रमाणित केला तो बरोब्बर १८० ग्रेनचा! (आजकाल सराफ सरळ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण आजीच्या पाटल्यांचा तोळा तो ११.६६ ग्रॅमचा.) म्हणजे माझ्या मित्राने उचलली ती नेमकी एका तोळ्याची गोळी. १५० ची म्हणजे दहा माशांची. आता एवढा धागा सापडल्यावर माझा विकांत कुठे गेला हे सांगायला नको.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. काडतूस वेगळं आणि गोळी वेगळी. पितळी नळकांडं, आतली दारू, बुडाची टोपी हे सगळं मिळून काडतूस. नळीतून बाहेर उडतो तो पुढचा तुकडा म्हणजे गोळी, आणि खोक्यावरचं वजन फक्त तिचं. दुसरं, शिकार करावी की नाही हा वाद मी इथे घालणार नाही. आपल्याकडे तो १९७२ च्या कायद्याने संपवला आणि चांगलं केलं. पण ज्या काळात आणि ज्या देशात लोक शिकार करत होते वा करतात, तिथे जनावर चटकन मरावं की जखमी होऊन दोन दिवस तडफडावं, हा प्रश्न काही छोटा नाही. वजनाचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवती फिरतो.

पहिल्या काळात मुळात निवडच नव्हती. गोळी गोल असायची आणि शिशाची. शिशाच्या गोलाचा व्यास ठरला की वजन ठरलं. म्हणूनच बंदुकीचं मापसुद्धा वजनावरून: एका पौंडात बारा गोळ्या बसल्या तर ती बारा बोअरची. गणित सरळ, ७००० भागिले बोअर. बारा बोअरची गोळी ५८३ ग्रेनची, चार बोअरची १७५० ग्रेनची. हत्तीसाठी जास्त वजन हवं? मग नळी मोठी करा, बंदूक जड करा, आणि खांद्याला तेल लावून ठेवा.

ह्या मार्गाचं टोक गाठलं सॅम्युएल बेकरने. सिलोनमध्ये हत्ती मारत फिरलेला आणि पुढे नाईलच्या उगमाच्या शोधात आफ्रिकेत गेलेला हा इंग्रज. त्याच्याकडे हॉलंड कंपनीची एक रायफल होती, तिचं लाडाचं नाव 'बेबी'. गोळा अर्ध्या पौंडाचा, म्हणजे ३५०० ग्रेन, आपल्या हिशोबात साडेएकोणीस तोळे! त्याच्याबरोबरच्या अरब माणसांनी तिचं नाव ठेवलं होतं 'तोफेचं पोर'. ती झाडायला खुद्द बेकर भीत असे, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

मग लांबट गोळी आली. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिएची गोळी प्रसिद्ध झाली आणि एक मूलभूत गोष्ट बदलली. गोलात व्यास आणि वजन एकमेकांना बांधलेले असतात. लांबट गोळीत व्यास तोच ठेवून नुसती लांबी वाढवली की वजन वाढतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आतापर्यंत हार्डकोडेड असलेला आकडा आता पॅरामीटर झाला. फुकट नव्हे अर्थात. लांब गोळी हवेत कोलमडू नये म्हणून नळीतल्या आट्यांना जास्त पीळ द्यावा लागतो. किती पीळ, ह्याचं सुटसुटीत सूत्र वुलिचच्या ग्रीनहिल नावाच्या गणिताच्या प्रोफेसराने १८७९ मध्ये दिलं आणि ते आजही वापरतात.

इथे आपल्याकडचा एक माणूस येतो. म्हणजे इंग्रजच, पण काम केलं सातपुड्यात. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. पचमढीचं पठार इंग्रजांच्या नकाशावर आणणारा, आणि त्याचा तिथला बंगला 'बायसन लॉज' अजून उभा आहे. १८६३ मध्ये त्याने एक अख्खं पुस्तक शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर लिहिलं. सगळं जग लांबट गोळीकडे चाललेलं असताना हा गडी म्हणाला, जंगलात मला गोलच बरी. कारण? सागाच्या रानात गवा किंवा वाघ शे-दीडशे यार्डांच्या आत दिसतो. तेवढ्या अंतरात कमी पिळाच्या नळीतून भरपूर दारूवर सोडलेली हलकी गोल गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाते, अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकत नाही. जड लांबट गोळी संथ निघते आणि लवकर खाली झुकते. 'माझ्या वापराची परिस्थिती काय' हे आधी विचारून मग डिझाईन ठरवणारा माणूस! रिक्वायरमेंट न वाचता टेक्नॉलॉजी निवडणारे आर्किटेक्ट पाहिले की मला हल्ली फोर्सिथ आठवतो. बिचारा तेहतिसाव्या वर्षी गेला.

फोर्सिथची वेगाची आवड इंग्लंडात दुसऱ्या रूपाने फोफावली. जेम्स पर्डी ह्या लंडनच्या बंदूकवाल्याने १८५६ मध्ये 'एक्सप्रेस ट्रेन' नावाच्या रायफली काढल्या, आणि त्यावरून अशा सगळ्याच रायफलींना 'एक्सप्रेस' म्हणायला लागले. कृती अशी: गोळी हलकी करा, तिच्या नाकाला भोक ठेवा, मागे दारू भरपूर. हरणावर तिचा परिणाम जबरदस्त होई. पण तीच गोळी वाघाच्या खांद्यावर किंवा गव्याच्या कातड्यावर बसली की वरच्या वर फुटून जाई. बाहेर भलीमोठी जखम, आत काही पोचलेलं नाही, आणि जनावर झाडीत गायब. म्हातारपणी बेकरने लिहिलेल्या पुस्तकात ह्या पोकळ गोळ्यांवर सडकून टीका आहे. मऊ शिशाची भरीव, जड गोळी घ्या आणि ती जनावराच्या आतच राहू द्या, हे त्याचं म्हणणं.

जखमी वाघ झाडीत गायब होतो तेव्हा गोष्ट तिथे संपत नाही. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. कॉर्बेटने तिचं तोंड उघडून पाहिलं तर उजवीकडचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले, खालचा तर पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. नैसर्गिक शिकार करणं अशक्य झालं म्हणून ती माणसाकडे वळली, असं त्याचं निदान. ही फक्त जड-हलक्याची चूक होती असं मी म्हणत नाही, नेमाची असेल. पण अर्धवट बसलेल्या एका गोळीची किंमत ज्या गावांनी मोजली त्यांनी ती झाडलेली नव्हती.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएल नावाच्या केमिस्टने धूर न होणारी दारू शोधली आणि वेग एकदम दीडपट झाला. इतक्या वेगात नुसतं शिसं नळीतच घासलं जाऊ लागलं, म्हणून गोळीला तांबे-निकेलचं जाकीट आलं, आणि गोळ्या बारीक झाल्या. इंग्रजांच्या .३०३ रायफलीची गोळी २१५ ग्रेनची. पण अखंड जाकिटाची गोळी आरपार जायची, सुईसारखी. सरहद्दीवरच्या लढायांत सैनिक तक्रार करू लागले की शत्रू गोळी खाऊनही धावतच येतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले ह्याने उपाय काढला: टोकाचं जाकीट काढून शिसं उघडं ठेवायचं, म्हणजे आत गेल्यावर गोळी पसरते. हीच ती कुप्रसिद्ध डमडम. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीवर बंदी घातली. आता गंमत बघा. इंग्लंडमध्ये हरणावर पसरणारीच गोळी वापरली पाहिजे असा कायदा आहे, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर अखंड जाकिटाची गोळी झाडणं गुन्हा आहे. माणसावर जी क्रूर म्हणून निषिद्ध, तीच जनावरावर दया म्हणून सक्तीची. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत, हे आणखी विचित्र.

वजनाच्या वादात सगळ्यात जास्त ज्याचं नाव घेतात तो म्हणजे 'कारामोजो' बेल. स्कॉटिश, हस्तिदंताचा व्यापारी. ह्या माणसाने हजाराच्या वर हत्ती मारले (वाचताना पोटात कालवतं, पण ते असो), आणि त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या चिमुकल्या रायफलीने. गोळी १७३ ग्रेनची, तोळ्याहूनही कमी! हत्तीसाठी तेव्हा दस्तुर होता ५०० ग्रेनचा. जॉन 'पोंडोरो' टेलर नावाच्या दुसऱ्या एका हस्तिदंतवाल्याने १९४८ च्या पुस्तकात एक सूत्र दिलं: वजन गुणिले वेग गुणिले व्यास, भागिले सात हजार. त्यात हत्तीच्या खास .४७० रायफलीला ७३ च्या आसपास गुण मिळतात, बेलच्या रायफलीला १६. नापास.

मग बेल पास कसा झाला? दोन कारणं. त्याने हत्तीची कवटी उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं, आणि गोळी तिथेच घालायचा. आणि ती गोळी बारीक पण लांब होती, अखंड जाकिटाची, न पसरणारी. किती खोल जाईल ते नुसत्या वजनावर ठरत नाही, वजन भागिले व्यासाचा वर्ग ह्यावर ठरतं. पौंड आणि इंचात मांडलं तर बेलच्या गोळीचा हा आकडा ०.३०६ येतो. माझ्या मित्राच्या १८० ग्रेनच्या गोळीचा ०.२७१, आणि १५० वालीचा ०.२२६. टेलरच्या सूत्रात वेडेपणा नव्हता. मेंदू थोडक्यात हुकला तर हत्ती निदान भोवळ येऊन पडेल का, एवढंच ते मोजत होतं. बेल हुकत नसे, त्यामुळे त्याला ते सूत्र लागू नव्हतं. बेलचं बघून हलकी रायफल घेऊन गेलेल्या इतरांचं काय झालं असेल ह्याची कल्पना करा.

आता अमेरिका. तिथे १९०३ च्या लष्करी काडतुसात २२० ग्रेनची बोथट गोळी होती. जर्मनांनी हलकी टोकदार गोळी आणल्यावर अमेरिकनांनीही १९०६ मध्ये १५० ग्रेनची टोकदार गोळी घातली. नाव .३०-०६, म्हणजे .३० व्यास आणि १९०६ साल. लष्कराने असा वेगाचा नाद लावल्यावर बाजार मागे राहणार थोडाच! चार्ल्स न्यूटन नावाच्या वकिलाने एक बारीक काडतूस तयार केलं. त्याच्या मनात गोळी होती १०० ग्रेनची. सॅव्हेज कंपनीने १९१५ मध्ये ते बाजारात आणलं, पण ८७ ग्रेनची गोळी घालून. का? कारण ८७ ने सेकंदाला ३००० फुटांचा वेग गाठता येत होता आणि १०० ने नाही. नावच ठेवलं '.२५०-३०००'. हे वाचल्यावर मी मोठ्याने हसलो. पेंटियमच्या काळात मेगाहर्ट्झचा आकडा खोक्यावर छापता यावा म्हणून जे चाललं होतं, ते ह्या लोकांनी आधीच करून ठेवलेलं!

ह्या वेगवान पंथाचा मोठा प्रवक्ता जॅक ओ'कॉनर. ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारितेचा प्राध्यापक, नंतर 'आउटडोअर लाइफ' मासिकाचा बंदूक-संपादक. विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० काढली, १३० ग्रेनची गोळी, ३१४० फुटांचा वेग, आणि पुढची कित्येक दशकं ओ'कॉनर तिचे गोडवे गात राहिला. त्याच्या विरुद्ध टोकाला एल्मर कीथ. आयडाहोचा रँचवाला, लहानपणी हॉटेलच्या आगीत भयंकर भाजलेला, डोक्यावर ही मोठी हॅट. त्याचं मत एका ओळीत: एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी .३३ व्यासाच्या खाली आणि २५० ग्रेनच्या आत काही बोलूच नका. दोघेही मासिकांतून एकमेकांवर वर्षानुवर्षं तुटून पडत. आपल्याकडच्या विंडोज-लिनक्स वादाचा सूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो कसा चालला असेल हे सांगायला नको :)

मला आधी वाटलं एक कोणीतरी चूक असणार. मग दोघांची जंगलं पाहिली. ओ'कॉनर घडला तो ॲरिझोना आणि सोनोराच्या उघड्या डोंगरांत, रानमेंढ्यांच्या मागे. जनावर दूर, पण आडवं उभं, सावकाश नेम धरायला वेळ. बरगड्यांतून फुप्फुस फार तर वीतभर आत. तिथे हलकी, सरळ जाणारी गोळी सोन्यासारखी. कीथ पैसे घेऊन दुसऱ्यांना शिकारीला नेत असे, दाट झाडीत. गिऱ्हाईक शहरी, थरथरणारं, आणि एल्क बहुतेक वेळा पाठ करून पळणारा. मागून मारलेल्या गोळीने आधी गवताने भरलेलं पोट पार करायचं, मग फुप्फुस गाठायचं. ते नाही जमलं तर जखमी एल्कचा माग काढत दिवसभर फिरणार कोण? कीथच. म्हणजे ओ'कॉनर स्वतःच्या नेमासाठी लिहीत होता आणि कीथ दुसऱ्याच्या चुकीसाठी. सपोर्टला बसलेला माणूस कोडकडे वेगळ्या नजरेने बघतो, तसं. (ओ'कॉनरची बायको एलिनॉर हिने ह्या वादात पडण्याऐवजी ७ मिलिमीटर आणि .३०-०६ घेऊन तीन खंडांत शांतपणे नेम साधला. हत्तीसाठी मात्र २२० ग्रेनची भरीव गोळी घेतली.)

वाद सुटला तो भलत्याच बाजूने. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा ओरेगॉनचा एक ट्रकवाला ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. हातात दणदणीत .३०० मॅग्नम. समोर चिखलात लडबडलेला मूस, आणि गोळ्या कातड्याशीच फुटून जाताहेत. वेग इतका की साधी गोळी तो सोसेना. बेकरची एक्सप्रेसबद्दलची तक्रार, साठ वर्षांनी पुन्हा! नॉस्लरने घरी येऊन एक गोळी घडवली, मधोमध तांब्याचा आडवा पडदा असलेली. पुढचा कप्पा पसरतो, मागचा पडद्याआड शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून तो त्या विकू लागला. आता १५० ग्रेनची चांगली बांधलेली गोळी जुन्या १८० च्या साध्या गोळीइतकी खोल जाऊ लागली. म्हणजे इतकी वर्षं लोक वजन निवडत होते ते बऱ्याच अंशी गोळी फुटून वाया जाणार हे गृहीत धरून. प्रवासात निम्मे डबे सांडणार म्हणून दुप्पट डबे द्यायचे, तसं.

गेल्या काही वर्षांत हा आकडा पुन्हा हललाय, आणि ह्या वेळी कारण जनावर नव्हे तर गिधाड. शिशाच्या गोळीचे बारीक कण हरणाच्या टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडोर विषबाधेने मरतात. १९८७ मध्ये जगात अवघे २७ काँडोर उरले होते, सगळे पिंजऱ्यात. पुढे रानात सोडलेल्यांनाही शिशाने सोडलं नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली. पर्याय तांब्याचा. पण तांबं शिशाहून हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४. त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, जुन्या नळीचा पीळ तिला पुरेलच असं नाही (ग्रीनहिल!), म्हणून लोक एक पायरी हलकी गोळी घेतात. स्कॉटलंडमध्ये तर मोठ्या हरणासाठी किमान १०० ग्रेनची गोळी हवी असं १९८५ पासून कायद्यातच होतं. शिसं सोडणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून २०२३ मध्ये ती मर्यादा ८० वर आणली. पावणेसात माशांवरून साडेपाचाच्या खाली.

सोमवारी मी मित्राला हे सगळं सुनावलं. .३०-०६ मध्ये १८० ची ऊर्जा १५० पेक्षा जेमतेम तीन-चार टक्के जास्त, तीनशे यार्डांवर दोघींच्या झुकण्यात फरक एखाद-दोन इंचांचा, आणि विस्कॉन्सिनच्या रानात तू तीनशे यार्डांवर मारतोस कुठे? पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १५० भरपूर झाली.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, एका वर्षी त्याने १५० चीच स्वस्त गोळी घेतली होती. चाळीस पावलांवर मादी उभी. खांद्याच्या हाडावर बसली. रक्त दिसलं, थोडंच. संध्याकाळपासून टॉर्च घेऊन तो आणि त्याचा मुलगा रात्री अकरापर्यंत दलदलीत फिरले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली ती कायोटींनी अर्धी खाल्लेली, आणि तोवर ती दीड मैल चालली होती.

मी म्हटलं, पण मग चूक वजनाची नव्हती, गोळीच्या बांधणीची होती. जवळून वेग जास्त असतो, साधी गोळी हाडावर फुटणारच.

"आणि नेमाची," तो म्हणाला. "मी चार इंच पुढे मारलं होतं. ते मला माहीत आहे."

मुलगा त्यानंतर कधी शिकारीला आला नाही. हा मात्र दर नोव्हेंबरला जातो, एका तोळ्याच्या गोळ्या घेऊन. खोक्यात वीस येतात. वर्षाला दोन झाडतो, एक कागदावर, एक हरणावर. गेल्या वर्षी त्याने मला फोटो पाठवला होता, टेबलावर उघडा खोका, त्यात अठरा.